नाळेवरच्या तीन टिकल्या

१

राखेच्या बुधवारी सकाळी दहा वाजता हर्षवर्धन राऊळच्या कचेरीमागे, पत्र्याच्या बादलीत, पाच घरांची उमेद जळून गेलेली सापडली. निदान राऊळ तसं म्हणत होता. आणि म्हणताना कपाळ बडवत होता.

फ्लोरा तुस्कानो नंदाखालहून एसटी पकडून वसईला पोचली तेव्हा अकरा वाजून गेले होते. कपाळावर पहाटे चर्चच्या मिस्सेत फादरनी लावलेला राखेचा क्रूस, पोटात उपास, आणि छातीत असा जाळ, की वर पाणी ओतलं असतं तर वाफ झाली असती. त्या पाचांत तिचा नेल्सन होता. बहिणीचा मुलगा, चार वर्षांचा असताना पदरात आलेला. वसईच्या टपाल कचेरीत, खिडकीमागे एकतीस वर्षं उभं राहून, लग्नाबिग्नाच्या भानगडीत न पडता तिनं त्याला वाढवला होता. केळीनं पोटाशी पिल्लू धरावं तसा.

"ज्यानं कोणी हे केलंय," एसटीत ती म्हणाली होती, "त्याला मी संध्याकाळपर्यंत हुडकते. आणि मग बघच. उपास, क्षमा, पश्चात्ताप, ते सगळं उद्यापासून."

"मावशी, आधी परवान्याचं बघू," नेल्सन म्हणाला होता.

परवान्याची गोष्ट अशी. आयर्लंडात संगणकाची कामं फार आणि जाणकार हात थोडे, म्हणून तिथं मालकांसाठी एक जलद वाट निघाली होती. मालकानं परदेशातल्या हुशार माणसाचं नाव देऊन अर्ज करायचा. एरवी महिनोन्‌महिने लोळत पडणारा कामाचा परवाना मोजक्या दिवसांत तयार. डब्लिनच्या एका कंपनीनं, माणसं परदेशी पाठवणाऱ्या राऊळमार्फत, या पट्ट्यातली चार पोरं आणि एक पोरगी अशी उचलली होती. परवाने मागच्या गुरुवारी आले. येत्या शुक्रवारी, म्हणजे परवा, मूळ कागद घेऊन मुंबईत वकिलातीसमोर उभं राहायचं होतं. तो दिवस चुकला की कंपनी यादीतल्या पुढच्या नावाला हाक मारणार. नक्कल मिळत नाही असं नाही, पण ती नेहमीच्या रांगेतून. तोवर खुर्चीत दुसराच कोणी बसलेला.

"पोलिसांत का नाही गेलात?" फ्लोरानं विचारलं.

राऊळनं घाम पुसला. पन्नाशीचा, गोरा, हातात तीन अंगठ्या. "फ्लोराबाई, पोलीस आले की कंपनीला कळणार. नाव जाईल. तुम्ही टपालात असताना हरवलेल्या पार्सलांचा चोर घरबसल्या शोधला होता, गावाला ठाऊक आहे. तुमचाही पोरगा आहे यात."

"माझा पोरगा आहे म्हणूनच आले. बादली दाखवा."

राखेवर पुठ्ठ्याचा एक कोपरा अर्धवट उरला होता. त्यावर कंपनीचा हिरवा शिक्का. तो शिक्का पाहूनच राऊळनं हंबरडा फोडला होता. फ्लोरानं अंबाड्यातला आकडा काढला आणि राख हळूच ढवळली. कागदाची राख तिनं आयुष्यभर पाहिली होती. टपालातले बाद कागद दर वर्षी तिच्याच देखत जळत. ती पापुद्र्यांची असते, फुंकलं की उडते. या राखेत काळ्या काड्या होत्या. सुईसारख्या बारीक, लांब. तिनं चार काड्या रुमालात बांधल्या.

मग कपाट. किल्ली गणपतीच्या तसबिरीमागे असते, हे कचेरीत सगळ्यांना माहीत होतं. कुलूप फुटलेलं नव्हतं.

"पाकिटं इथं खालच्या खणात होती," राऊळ म्हणाला. "बघा, जागा रिकामी."

खणात धुळीचा जाड थर होता, आणि त्या थराच्या मधोमध एक स्वच्छ चौकोन. हाताच्या पंजाएवढा. कडा इतक्या रेखीव, जशा पट्टीनं आखल्यात.

"पाकिटं आली गुरुवारी," फ्लोरा म्हणाली. "सहा दिवसांत एवढी धूळ बसत नाही. इथं दुसरं काहीतरी होतं, राऊळसाहेब. वर्षानुवर्षं होतं. ते पण गेलंय."

राऊळ हसला. मोठ्यानं, आणि नको तेवढा वेळ.

"छे हो," तो म्हणाला. "काही नव्हतं तिथं."

२

सकाळी आठ ते दहा या वेळात कचेरीत तीनच माणसं होती, आणि तिघांनाही राऊळचा राग यायला पुरेसं कारण होतं.

पहिली उन्नती. तुळिंजहून येणारी टायपिस्ट, सव्वीस वर्षांची, जिभेला धार.

"मला विचाराल तर मला आनंद झाला," ती म्हणाली. बोटं कळफलकावरून हललीसुद्धा नाहीत. "लिहून घ्या. यादीत सहावं नाव माझं होतं. मी करारावर सही केली नाही, म्हणून सरांनी खोडलं."

"कसला करार?"

"तिकडे उतरलं की पासपोर्ट सरांच्या माणसाकडे जमा करायचा. तीन वर्षं. मी म्हटलं, माझा पासपोर्ट आहे, तुमच्याकडे काय लोणच्याला घालताय? झालं, मी टायपिस्ट." तिनं नेल्सनकडे पाहिलं. "तू केलीस ना सही?"

नेल्सन जमिनीकडे बघत म्हणाला, "आज करणार होतो. सही केल्याशिवाय पाकीट देणार नव्हते. गुरुवारी त्यांनी मोठं पुठ्ठ्याचं पाकीट फोडलं, आतली पाच छोटी बंद पाकिटं वर धरून नावं वाचून दाखवली, आणि परत कपाटात."

"पण ती तुझ्या नावची होती ना? घरी का नाही आली?"

"अर्जात पत्ता इथलाच दिला होता, मावशी. पाचही जणांनी. केअर ऑफ सागरपार एजन्सी. सरच म्हणाले, सोयीचं पडतं."

केअर ऑफ. फ्लोराच्या कानाला ते दोन शब्द खड्यासारखे टोचले. का टोचले ते तिला तेव्हा कळलं नाही.

दुसरा मायकल, गाडी चालवणारा, पाचूबंदरचा. दिवाळीत गाडीला ओरखडा गेला म्हणून राऊळनं त्याला चार गिऱ्हाइकांदेखत कानाखाली दिली होती.

"आंटी, मना जाळायचंच असतं ना, तर कागद कशाला? गाडी जाळली असती. आत सायबाला बसवून." तो दात दाखवत हसला. "मस्करी केली हां. आज मधे टपाल आनलं तेवढं सोडलं तर सकाळपासून गाडी धूत होतो. फ्लॉसी झाडत होती, ही उन्नती टकटक करत होती. कोनी मागं गेलं का, मी नाय बघितलं."

"काही जळल्याचा वास?"

"इथं रोजच कोनाचं ना कोनाचं काहीतरी जळतं, आंटी."

राऊळ दाराआडून ऐकत होता. "मायकलच असणार," तो फ्लोराच्या कानाशी कुजबुजला. "या कोळ्यांच्या डोक्यात राग वर्षभर धुमसतो."

फ्लोरानं त्याच्याकडे असं पाहिलं, की तो दोन पावलं मागे सरला. रागाच्या गोष्टी तिला कोणी शिकवायला नको होत्या. तिच्या स्वतःच्या रागाला आता दात फुटले होते, आणि चावायला मान कोणाची ते ठरायचं बाकी होतं.

३

तिसरी फ्लॉसी. झाडलोट करणारी, दुपारी साहेबाचं जेवण रांधणारी, गुडघ्यापर्यंत घट्ट नेसलेलं लुगडं, साठीला टेकलेली. फ्लोरा मागे गेली तेव्हा ती दगडावर भांडी घासत होती आणि स्वतःशीच गुणगुणत होती. आवाज बारीक, पण सुरात.

*माझ्या होडीच्या नाळेला*
*तीन टिकल्या गं गोऱ्या*
*दुरून ओळखू येती*
*शंभर असोत होऱ्या*

"जुनं गाणं आहे?" फ्लोरानं विचारलं.

"जुनं कशाचं, बाय. माझंच. आमची होडी होती ना, तिच्या तोंडावर पांढऱ्या रंगाच्या तीन टिकल्या. माझ्या मालकानं काढलेल्या. मालक गेला, होडी विकली, टिकल्या तेवढ्या गाण्यात राहिल्या." तिनं हात धुतले आणि कपाळावरचे केस मनगटानं मागे सारले. कपाळावर राखेचा करडा डाग होता. "तुझा नेल्सन पन होता ना त्यात?"

"होता."

"जाईल गो तो," फ्लॉसी म्हणाली. असं म्हणाली, जशी उद्या भरती किती वाजता ते सांगतेय. "नको जीव जाळू."

"कसा जाईल? कागद राख झाले."

फ्लॉसीनं टोप पालथा घालून त्याच्या बुडावर ओंजळभर पाणी मारलं. "आठ वर्षं झाली मना इथं," ती म्हणाली. "माझा सोनू तिकडं आखातात गेला होता, याच सायबानं पाठवला. बोटीच्या इंजिनाचं काम. तिकडंच वारला. मातीसुद्धा आली नाय. तेव्हा सायब म्हनाला, फ्लॉसी, तू ये माझ्याकडं कामाला. देवमानूस वाटला. आठ वर्षं मी त्याला ताजं म्हावरं रांधून घातलं, काटे काढून."

"सोनूनं पत्रं नाही पाठवली कधी?"

टोप तिच्या हातातून निसटला आणि दगडावरून गडगडत नळाशी गेला.

"नाय," फ्लॉसी म्हणाली. "एक पन नाय." मग घाईनं उठली. "मी निघते. पाचूबंदरला जाते, संध्याकाळच्या मिस्सेला जायचंय. सकाळी नळाला पानी आलं नि सकाळची चुकली."

ती गेली. फ्लोरा दगडाजवळ उभी राहिली. तीन टिकल्या. होडीच्या नाळेवर तीन टिकल्या. आपण हे कुठंतरी पाहिलंय. कुठल्या काठावर नाही, कुठल्या बंदरावर नाही. आपण हे कागदावर पाहिलंय.

४

मायकलनं तिला एसटी थांब्यापर्यंत सोडायचं ठरवलं. नेल्सन पुढे बसला होता, काचेबाहेर बघत.

"उपास कडक धरलाय वाटतं आंटीनी," मायकल आरशातून म्हणाला. "राख पन लावून आल्या. आमचं नशीब बघा, तिघं कचेरीत. उन्नती तर हिंदू, तिला काय. पन मी नि फ्लॉसी, दोघांची मिस्सा चुकली. आता संध्याकाळी जाऊन लावनार राख."

"गाडी थांबव," फ्लोरा म्हणाली.

"काय झालं?"

"थांबव रे बाबा!"

गाडी चिंचेच्या सावलीला थांबली. फ्लोरानं रुमाल सोडून त्या चार काळ्या काड्या तळहातावर घेतल्या. आता तिला त्या काय होत्या ते कळलं. ते माडाच्या पातीचे हीर होते. ईस्टरच्या आधी झावळ्यांच्या रविवारी देवळात आशीर्वाद मिळालेल्या पातीचा क्रूस विणून प्रत्येक घर अल्तारामागे, घरातल्या देव्हाऱ्यामागे, खोचतं. वर्ष सरलं की राखेच्या बुधवाराआधी तो देवळात परत द्यायचा. फादर ते सगळे जाळतात आणि त्याच राखेचा क्रूस कपाळावर काढतात. म्हणजे आजच्या दिवशी वसईत कुठल्याही ख्रिस्ती घरात जुनी झावळी नसते.

एखाद्या घरात असलीच, तर ती परत द्यायला हात धजला नाही म्हणून.

आणि फ्लॉसी मिस्सेला गेलीच नव्हती. मग तिच्या कपाळावरची राख कोणी लावली? देवळानं नाही. तिनं स्वतः लावली. त्या बादलीतली.

"नेल्सन," फ्लोरा म्हणाली, "बादलीत पुठ्ठ्याचं मोठं पाकीट जळालंय आणि एक झावळी. बस्स. पातळ कागदाचा एकही पापुद्रा त्यात नाही. तुझे परवाने कोणी जाळलेच नाहीत."

नेल्सननं मान वळवली. त्याचे डोळे भरले होते, आणि फ्लोराला ते पाहून दया येण्याऐवजी पुन्हा राग आला. म्हातारीनं आपल्या पोराला सकाळपासून असं सोलून काढलं! देवमाणसाचं मीठ खाऊन, पाच पोरांच्या जिवाशी खेळ!

"मायकल, पाचूबंदर," ती म्हणाली. "आणि मध्ये काही विचारू नकोस."

५

खोली एवढीशी. दारात सुकत घातलेलं जाळं, आत एक खाट, एक अल्तार. अल्ताराजवळ एका पोरसवदा तरुणाची तसबीर, आणि तसबिरीच्या वर भिंतीत एक खिळा. मेणबत्तीच्या धुरानं काळवंडलेल्या भिंतीवर खिळ्याखाली फिक्कट क्रूस उमटला होता. वर्षानुवर्षं तिथं काहीतरी टांगलेलं होतं, आणि ते आजच निघालं होतं.

"त्यानं विनली होती," फ्लॉसी म्हणाली. तिनं फ्लोराला पाहून आश्चर्य दाखवलं नाही, बसायला पाट दिला. "जायच्या आदल्या झावळ्यांच्या रविवारी. मी देवळात दिलीच नाय कधी. फादर दर वर्षी रागवायचे."

"परवाने कुठं आहेत, फ्लॉसी?" फ्लोरा बसली नाही. "माझा पोरगा सकाळपासून जिवंत मेलाय. तुला तुरुंगात बघितल्याशिवाय..."

फ्लॉसीनं खाटेखालून एक पत्र्याचा डबा ओढला. आत सुतळीनं बांधलेला गठ्ठा होता. हाताच्या पंजाएवढा. वरचं पाकीट परदेशी तिकिटांचं, रजिस्टर टपालाचं, न फोडलेलं. त्याच्या पाठीवर निळ्या शाईनं एक लहानशी होडी काढली होती, आणि होडीच्या नाळेवर तीन टिपके.

फ्लोरानं ती होडी ओळखली. ती पाटावर बसली.

"सोमवारी किल्ली कपाटालाच राहिली होती," फ्लॉसी सांगत होती. "झाडताना धक्का लागला नि दार उघडलं. मना वाचता नाय येत, बाय. पन माझी होडी मी ओळखीन ना? सात पत्रं. सात. त्यानं फोडली पन नाय. टाकायची पन हिंमत नाय, वाचायची पन नाय. माझा सोनू तिकडून बोंबलत होता नि हा माझ्या हातचं म्हावरं खात होता." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली खाली जात राहिला. "काल रडले. आज उठले. म्हटलं, याला आज कळू दे. पाच आयांनी याच्या दारात यावं, आमची पोरं कुठं म्हनावं. मी कधी विचारलंच नाय ना. ते मोठं पाकीट जाळलं, त्यावर झावळी ठेवली, ती राख लावली. माझ्या सोनूची तेवढीच माती."

बाहेर मायकल गाडीच्या टपावर बोटं वाजवत होता.

"फ्लॉसी," फ्लोरा म्हणाली, "ही पत्रं मी दिली त्याला."

"काय?"

"टपालात. खिडकीवर मीच होते. पाकिटावर लिहिलेलं, फ्लॉसीबाई, केअर ऑफ सागरपार एजन्सी. नियम म्हणजे नियम. ज्याच्या पत्त्यावर आलं त्याच्या हातात. सही घेतली आणि दिलं. सात वेळा. मला ती होडी आवडायची. मी मनात म्हणायचे, कोण हा पोरगा, किती छान काढतो."

जाळ्याचा वास आत येत होता. फ्लॉसी तिच्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यात एका क्षणी असं काही लखलखलं, की फ्लोराला वाटलं, ही आता आपल्या अंगावर येणार. आणि वाटलं, यावंच.

"तुला ठाऊक नव्हतं," फ्लॉसी शेवटी म्हणाली. "त्याला होतं." तिनं लुगड्याच्या ओच्यातली गाठ सोडली आणि पाच पावत्या फ्लोरापुढे धरल्या. "घे. तुझ्या नेल्सनचं कायपन झालेलं नाय. लोकांची पोरं, मी कशी जाळू? पाकिटं बंद, वर नावं छापलेली. दुपारी गोंधळात डब्याच्या पिशवीतून बाहेर काढली नि टपालात रजिस्टर केली. उद्या ज्याच्या त्याच्या घरी. करार नाय, काय नाय."

फ्लोरानं पावत्या हातात घेतल्या. नेल्सन तुस्कानो, वसई. अनुष्का चुरी, वसई. पुढची तीन, वसई. वसई. वसई.

नेल्सन नंदाखालला राहत होता. अनुष्का नालासोपाऱ्यात.

"फ्लॉसी," ती म्हणाली. "पाकिटावर नावाखाली त्याचा पत्ता आहे. तू ती परत त्यालाच पाठवलीस."

६

मायकलकडून कळलं ते असं. एजन्सीचं टपाल पोस्टमन वाटत नाही. रोज सकाळी नऊला मायकल राऊळचं अधिकारपत्र घेऊन खिडकीवर जातो आणि सगळं उचलून आणतो. रजिस्टरसुद्धा.

म्हणजे उद्या नऊला पाचही परवाने पुन्हा राऊळच्या मुठीत. आणि या खेपेला तो नुसती सही मागणार नव्हता. घाबरलेल्या माणसांकडून काय काय लिहून घेता येतं, ते त्याला चांगलं ठाऊक होतं.

"माझंच चुकलं," फ्लॉसी म्हणाली. "नाव बघितलं की पत्र घरी जातं, असंच वाटलं मना."

"तसंच व्हायला पाहिजे," फ्लोरा म्हणाली. "उद्या होईल."

गुरुवारी पावणेनऊला वसईच्या टपाल कचेरीसमोर चार पोरं आईबापांसह उभी होती. नेल्सननं आदल्या संध्याकाळी मोटरसायकलवरून घराघरांत निरोप दिले होते. खिडकीमागे हरेश्वर होता. फ्लोरानंच त्याला शिक्का मारायला शिकवलेलं.

"हरेश्वर, ज्याच्या नावचं रजिस्टर तो स्वतः ओळख दाखवून खिडकीवर आला तर?"

"तर त्याच्याच हातात, बाई. तुम्हीच शिकवलंत."

"मी शिकवलं," फ्लोरा म्हणाली, "आणि स्वतः सात वेळा जिचं तिला बोलावलं नाही."

चार पाकिटं चार हातांत गेली. नेल्सननं आपलं फोडलं, परवाना उलगडला, पुन्हा घडी घातला आणि शर्टाच्या आत, अंगाला लागून ठेवला. पाचवं पाकीट उरलं. अनुष्का अजून आलीच नव्हती. आणि नऊला पाच कमी असताना मायकल आत आला. खिशातून अधिकारपत्राचा कोपरा सरळ दिसत होता. त्याच्यामागे दारात, गाडीला टेकून, राऊळ स्वतः उभा होता.

हरेश्वरनं फ्लोराकडे पाहिलं. फ्लोरानं मायकलकडे.

मायकलनं दोन्ही खिसे चाचपले. मोठ्यानं म्हणाला, "सायेब, अधिकारपत्र घरीच राहिलं वाटतं!" आणि तो कोपरा बोटानं आत ढकलला.

"गाढवा, आण जाऊन!"

"जातो ना. पाचूबंदर लांब हाय, सायेब. नि गाडी नको, आज चालत जातो. गाडीला ओरखडा गेला तर?"

तो टंगळमंगळ करत रस्त्याला लागला. नऊ वाजून वीस मिनिटांनी अनुष्का धापा टाकत पोचली, एक चप्पल तुटलेली, हातात. पाचवं पाकीट तिच्या हातात पडलं. राऊळनं दारातून ती पाच पाकिटं पाहिली, आणि जळलेले कागद परत जिवंत झालेले पाहून माणसाचा चेहरा जसा व्हायला हवा तसा त्याचा झाला नाही. तो घाबरला. हे जळलं नाही, तर खणातलं ते दुसरंही जळलं नसणार.

कचेरीत तो परतला तेव्हा सगळे त्याच्याआधी पोचले होते. पाच पोरं, त्यांचे आईबाप. उन्नतीनं खुर्च्या मांडल्या होत्या. राऊळच्या टेबलासमोर फ्लॉसी बसली होती. आठ वर्षांत त्या कचेरीत ती पहिल्यांदा खुर्चीवर बसली होती. तिनं सुतळीचा गठ्ठा टेबलावर ठेवला. कपाटातल्या धुळीच्या चौकोनात तो नेमका बसला असता.

राऊळ उभाच राहिला. "फ्लॉसी, हे बघ, तुला वाईट वाटू नये म्हणून मी..."

"वाच," फ्लॉसी म्हणाली.

"काय?"

"मना वाचता येत नाय. तू वाच."

त्यानं इकडेतिकडे पाहिलं. मायकल आला होता आणि दाराला पाठ लावून उभा होता. राऊळनं वरचं पाकीट उचललं आणि फ्लोरापुढे केलं. "फ्लोराबाई, तुम्ही वाचा. तुम्हाला सवय आहे."

"मी नाही," फ्लोरा म्हणाली. "पत्ता तुमचा आहे."

उन्नतीनं यंत्रात कोरा कागद सरकवला. "सावकाश वाचा, सर. पोलिसांना द्यायचंय, एक अक्षर सुटायला नको."

पाकिटाचा डिंक आठ वर्षांचा, लगेच सुटला. आतला कागद पिवळा पडला होता. राऊळनं पहिली ओळ डोळ्यांनी वाचली आणि कागद खाली ठेवायला गेला. एकाही बापानं, एकाही आईनं नजर हलवली नाही. त्यानं कागद पुन्हा वर घेतला. शेवटी आवाज फुटला, घोगरा, परका.

"'राऊळसाहेबांस नमस्कार. माझा पासपोर्ट इथल्या माणसानं काढून घेतलाय. साहेब, माझ्या आईला वाचता येत नाही. तिला जवळ बसवून हे पत्र तुम्ही वाचून दाखवा. ती फार वाट बघत असेल.'"

कळफलकाची टकटक थांबली. उन्नती पुढच्या वाक्याची वाट बघत होती.

फ्लॉसीनं खुर्ची टेबलाजवळ ओढली, अगदी जवळ, कोपरं टेबलावर ठेवली. कपाळावरची राख तिनं अजून पुसली नव्हती.

"बसले," ती म्हणाली. "पुढं वाच. आनखी सहा हायेत."